‘गॅस संपला’ : एका समजुतीची मीमांसा

घरगुती एसीतील गॅस ‘संपतो’ ही समजूत सुशिक्षित मध्यमवर्गात बहुधा स्वयंपाकाच्या सिलिंडरवरून रूढ झाली असावी. वस्तुतः प्रशीतक, म्हणजे द्रव आणि वायू अशी रूपे पालटत खोलीतील उष्णता बाहेर नेऊन टाकणारा पदार्थ, तांब्याच्या बंद नळ्यांतून नुसता फिरत असतो, तो खर्च होत नाही, आणि म्हणून तो कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, एवढाच अर्थ निघतो. हे तत्त्व ठाऊक असल्याचा प्रस्तुत लेखकाला इतका अभिमान आहे की मेकॅनिकला दारातच ते ऐकवल्यावाचून चैन पडत नाही. मात्र ‘लीक शोधायला वेळ जाईल, नुसता गॅस भरू का?’ असे विचारले जाताच तत्त्वज्ञान आवरते घेतले जाते. आर-३२ या हल्लीच्या प्रशीतकाचा एक किलो हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवतो, हेही लेखकाला पाठ आहे.

गळतीच्या शोधाची खरी गंमत फेसात आहे. नळ्यांत कोरडा नायट्रोजन दाबाने भरून जोडांवर साबणाचे पाणी लावतात. आता साबण कोणता, हा प्रश्न मुळीच गौण नव्हे, कारण वडीचे पाणी पातळ पडते, कपड्यांच्या पावडरीचा फेस आपणहूनच इतका माजतो की खरा बुडबुडा त्यात हरवतो, आणि भांड्यांचे लिक्विड हलक्या हाताने कालवले तरच फ्लेअर नटवर, म्हणजे नळीचे रुंद केलेले तोंड आवळून धरणाऱ्या पितळी नटवर, मोहरीएवढा बुडबुडा संथपणे फुगताना दिसतो. या विषयातील लेखकाच्या अधिकारामुळे घरच्यांनी लिक्विडची बाटली लपवून ठेवली आहे. मेकॅनिक मात्र फेसाआधी जोडावरून बोट फिरवतो. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही पाझरते, त्यावर धूळ बसते, आणि तो काळपट डागच त्याला जागा दाखवतो.

पण हे बोट फिरते कुठे? आउटडोर युनिट भिंतीबाहेर टांगलेले, उभे राहायला जागा नाही, एक पाय छज्ज्यावर, एक हात खिडकीच्या ग्रिलला, आणि आतून विचारणा, ‘अजून किती वेळ?’ इमारती बांधणाऱ्यांना एसी लागणार हे माहीत असते. तो दुरुस्त करणारा माणूस कुठे उभा राहील, हे मात्र नकाशात नसते.

गळती बुजवल्यावर व्हॅक्युम पंपाने हवा आणि ओल काढून गॅस वजन करूनच भरून घ्यावा, आणि आर-३२ पेट घेऊ शकत असल्याने डाग देण्यापूर्वी नळ्या रिकाम्या केल्या आहेत ना, हे पाहावे. या सगळ्याआधी वाचकांनी मेकॅनिकच्या कमरेला सुरक्षेचा पट्टा आहे का ते विचारावे, आणि नसल्यास काम उद्यावर टाकून रात्र पंख्याखाली काढावी.