वाट पाहणारी भाकर

शिरड शहापूर या आमच्या गावी, जिथे मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनास दूरदूरचे जैन यात्रेकरू येतात आणि जिथल्या श्रावकांचे अंथऊ, म्हणजे संध्याकाळचे जेवण, सूर्यास्तापूर्वीच आटोपलेले असते, तिथे रात्री साडेदहाला भरल्या चुलीपुढे रित्या पोटाने बसलेले आमचे ख्रिस्ती कुटुंब शेजारच्या शेठजींना मोठे कोडे वाटे. "आज उपास आहे का हो?" असे ते कनवाळूपणे विचारीत, आणि "नाही, जेवण आहे," हे आईचे उत्तर ऐकून अधिकच बुचकळ्यात पडत.

याचे मूळ आमच्या आबांच्या शिस्तीत होते. निजामी अमदानीत त्यांनी तहसिलीत कारकुनी केली होती. पुढे ती अमदानी गेली, 1999 साली परभणी जिल्ह्यातून फुटून हिंगोली हा नवा जिल्हाही झाला, परंतु आबांचे घरगुती फर्मान तसूभरही बदलले नाही. करिंथच्या मंडळीत कोणी आधीच जेवून तर्र होत आणि कोणी उपाशी राहत, म्हणून प्रेषित पौलाने त्यांना एकत्र जेवताना एकमेकांसाठी थांबण्याची जी ताकीद दिली, तिची अंमलबजावणी करण्याचा अधिकार आपल्याकडेच वर्ग झाला आहे, अशी आबांची समजूत होती. घरातील शेवटचा इसम रुजू होईतो ताटाला हात लावणे हा गुन्हा! शेवटचा इसम म्हणजे काका, आणि काका म्हणजे वसमतहून येणारी शेवटची गाडी. त्यामुळे ख्रिस्ती आशेचे स्वरूप मला प्रथम उमगले ते कोणत्याही प्रवचनातून नव्हे, तर वसमतच्या बाजूने अंधारात दिसणाऱ्या दोन दिव्यांतून, जे निम्म्या वेळा मालमोटारीचे निघत.

काका आले म्हणजे जेवण सुरू झाले, असे मात्र नव्हे. मग उपकारस्तुती होई, आणि तीत आजारी, प्रवासी, विधवा, राज्यकर्ते यांचा क्रमवार उल्लेख होऊन स्वारी अन्नापर्यंत पोहोचेतो पिठल्यावर साय धरे. प्रभूच्या प्रार्थनेच्या मराठी तर्जुम्यात पोळी न घालता 'भाकर' घालणाऱ्या मंडळींचे मराठवाड्यावर अनंत उपकार आहेत. पण ज्वारीची भाकर निवली की तिची काय गत होते, हे त्यांना कोणी सांगितलेले दिसत नाही.

आम्ही कुरकुरलो की आबा टिळकांचा दाखला काढीत. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली (व्युत्पत्तिकार काहीही म्हणोत, या शब्दात मला प्रथम ताटच दिसते!). कित्येक वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे राहावयास आल्या, त्याही आपले सोवळे सांभाळून, वेगळा स्वयंपाक करीत. पुढे जातिभेदाची उकल त्यांची त्यांनीच मनाशी केली, कोणाच्याही हातचे खाण्यास त्या तयार झाल्या, आणि 1900 साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. "पाच वर्षे!" आबा बोटे नाचवीत म्हणत, "आणि तुम्हाला पाऊण तास जड जातो?" टिळक त्या पाच वर्षांत अधूनमधून जेवत असावेत, ही माझी शंका मी मग जेवताना ठेच्याबरोबर गिळून टाकी.

एका पावसाळ्यात काका अकराच्याही पुढे आले. आम्ही भावंडे भिंतीला टेकून पेंगत होतो, आई तिसऱ्यांदा अंबाडीची भाजी ऊन करीत होती. काकांनी चपला काढल्या, मांडलेली ताटे पाहिली आणि ओशाळून म्हणाले, "मी वसमतलाच खाऊन आलो."

घरात असे पाखंड पूर्वी कोणी उच्चारले नव्हते. आम्ही सर्वांनी आबांकडे पाहिले. आबांनी चष्मा पुसला, काकांच्या रिकाम्या पाटाकडे बोट केले आणि कारकुनी स्वरात म्हणाले, "हजेरी इथली लागते. बस."

काका बसले. आबांनी डोळे मिटले. त्या रात्रीच्या उपकारस्तुतीत विधवा व राज्यकर्ते यांच्यामध्ये वसमतच्या एका खानावळवाल्याचाही समावेश झाला, आणि काकांनी मान खाली घालून दीड भाकर खाल्ली.