ओळखलंत का?

आवाजावरून माणूस ओळखावा तो मीच, हा माझा चाळीस वर्षांचा समज परवा एका कर्जवाल्या बाईंनी मोडीत काढला. सोमवारी एकीला मी नम्रपणे नकार दिला, मंगळवारी दुसरीला जरा कमी नम्रपणे. बुधवारी तिसरीला म्हणालो, "त्या आधीच्या दोघींपेक्षा तुम्ही बऱ्या बोलता." फोन स्पीकरवर होता. कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तिन्ही दिवस तीच आहे!"

हिला भूप आणि देशकार यांतला फरक कळत नाही. सवाई गंधर्वला मफलर गुंडाळून मान हलवायला जातो मी!

तसं कानसेन म्हणून माझं पितळ कॉलेजातच उघडं पडलं होतं. 'बात एक रात की'मधलं 'ना तुम हमें जानो' लताबाईंचंच, अशी मी चार मित्रांत मिसळीची पैज लावली. रेकॉर्डवर नाव निघालं सुमन कल्याणपूर. मिसळ गेली त्याचं काही नाही. पण पुढेही रेडिओवर सुमनताई लागल्या की माझी मान 'वा, लताबाई!' म्हणूनच हलायची. अख्खी कारकीर्द गाऊनही आपलं गाणं दुसरीच्या खात्यात जमा होताना ऐकायचं, हे त्यांना कसं वाटत असेल? त्यांना पद्मभूषण मिळालं 2023 साली. तोवर माझ्यासारखे तज्ज्ञ माना हलवतच होते.

विमानवीर लिंडबर्गने तर मुलाच्या अपहरणाच्या खटल्यात, दोन वर्षांहून अधिक काळापूर्वी अंधारात ऐकलेल्या दोन-तीन शब्दांवरून आरोपीचा आवाज ओळखल्याची साक्ष दिली. त्यावरूनच पुढे फ्रान्सिस मॅक्गेही या संशोधिकेने अनोळखी आवाज ऐकवून लोकांची परीक्षा घेतली. 1937च्या तिच्या लेखात दुसऱ्या दिवशी ओळखणारे 83 टक्के आहेत, पाच महिन्यांनी 13. मी चोवीस तासांतच पाच महिने गाठतो, एवढाच फरक.

आणि तरी लोक फोन करून "ओळख पाहू कोण?" म्हणतात. साठीच्या माणसाची ही तोंडी परीक्षा कशासाठी? परवा अशाच एका गृहस्थांशी मी त्यांच्या मूळव्याधीबद्दल दहा मिनिटं आपुलकीने बोललो. मूळव्याध दुसऱ्याच गृहस्थांना होती.

सांगलीची आत्या मात्र दर फोनला "मी आत्या बोलत्येय" असं सांगूनच सुरुवात करायची. मी वैतागायचो, "अगं, तुझा आवाज ओळखणार नाही का मी?" तिला जाऊन सहा वर्षं झाली. ती वाक्यं अजून जशीच्या तशी आठवतात. आवाज लावायला गेलो तर लागत नाही.

गुरुवारी पुन्हा फोन वाजला. बाईंचा आवाज. मी ऐटीत म्हणालो, "ओळखलं हो तुम्हाला! कर्ज नकोय."

त्या गॅस एजन्सीतून बोलत होत्या. सिलिंडर परत गेला.