एक फुल, दोन हाफ

गर्दी नसताना फिरावे, हे सांगायला सोपे. आदिलाबाद जिल्ह्यात गर्दी नसते तेव्हा माणूसही मोकळा नसतो. पोळा झाला की कपाशीची फवारणी, दसऱ्यानंतर वेचणी, पौष अमावस्येला केसलापूरची नागोबा जत्रा, मग लग्नसराई आणि तिच्याबरोबर डोके फोडणारे ऊन. या सगळ्याची वजाबाकी केली की पंचांगात उरतो पितृपंधरवडा. त्यात कोणी मुहूर्त धरत नाही, सोने घेत नाही, देवाला निघत नाही. माहूरगडावर नवरात्रात मुंगी शिरायला जागा नसते. त्याच्या आदल्या आठवड्यात गेलात तर रेणुकामातेच्या तांबुलासाठी विडा कुटणारा खलबत्ता लांबूनच ऐकू येतो, आणि हातावर पडलेला तो हिरवा लगदा कोणाचा धक्का न लागता तोंडापर्यंत पोचतो. पूर्वजांची हरकत नसावी. आमच्या घरची तिथी तेवढी टाळायची.

फेरा नकाशावर देखणा दिसतो. आमच्या मावल्याहून ऑटोने आदिलाबाद, रेल्वेने किनवट, एसटीने माहूर, परत किनवटला येऊन नांदेड, तिथला गुरुद्वारा आणि लंगर, मग रेल्वेने बासरची सरस्वती, बसने भैंसा आणि निर्मल, निर्मलची लाकडी खेळणी घेऊन महामार्गाने घरी. स्वतःची गाडी कुठेच लागत नाही.

अडचण तिकिटांची आहे. म्हणजे पैशांची नाही, न्यायाची.

1956 साली राज्ये भाषेवर वाटली गेली तेव्हा किनवट आदिलाबाद जिल्ह्यातून निघून नांदेडला गेले आणि आम्ही इकडे राहिलो. त्यामुळे माझी बायको तेलंगणाची नागरिक आहे आणि तिची धाकटी बहीण महाराष्ट्राची. तेलंगणात 9 डिसेंबर 2023 पासून महालक्ष्मी योजनेत बायकांना साध्या आणि एक्सप्रेस बसमध्ये प्रवास फुकट. पण आधारवरचा पत्ता तेलंगणाचा हवा. महाराष्ट्रात एसटीने मार्च 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट केले. दोन्ही सवलती आपापल्या हद्दीपुरत्या. म्हणजे बायको इकडे शून्य, तिकडे अर्धी. मेहुणी तिकडे अर्धी, इकडे पुरी. मी दोन्हीकडे पुरा. पासष्टी अजून लांब आहे.

शून्याचे तिकीट एकदा पाहण्यासारखे असते. फुकट असले तरी ते घ्यावे लागतेच. कंडक्टर आधारकार्ड उलटसुलट करून पत्ता वाचतो, मशीन कर्रकर्र करते आणि शून्य रुपयांची चिठ्ठी बाहेर येते. बायको ती घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवते. मी मोजून पैसे दिलेले तिकीट मात्र उतरेपर्यंत सीटखाली गेलेले असते.

तर आता दोघी बहिणी फोनवर रस्ता ठरवतात. धबधबा पाहायचाच, यावर एकमत आहे, कारण पाणी आहे तोवरच धबधबा. बायकोचे म्हणणे, नेरडीगोंड्याला उतरून कुंटाला पाहू. मेहुणी म्हणते, "ताई, आमच्या इस्लापूरच्या सहस्रकुंडानं काय घोडं मारलं? तुझ्या राज्यात मी पाहुणी, आणि तिकीट मलाच पूर्ण?" बायकोने त्यावर पैनगंगेचे पाणी गढूळ असते, असा मुद्दा काढला. पावसाळ्यात कुंटालाचेही पाणी चहासारखेच असते, पण हे बोलायला मला कोणी विचारले नव्हते.

मी आपला एसटीचा "आवडेल तेथे प्रवास" पास पुढे केला. 1988 पासून चालत आलेली योजना. चार किंवा सात दिवसांचा पास काढा आणि वाटेल त्या गाडीत बसा. नावच असे की पास न काढताही प्रवास झाल्यासारखे वाटते. पण हाफ तिकीटवाल्यांना पासाचे काय कौतुक? उरलो मी. आणि आमच्या फेऱ्यात एसटीचा वाटा एवढा थोडा, की पास वसूल करायला मला रात्रभर किनवट-माहूर करत बसावे लागले असते.

तंटा मिटला तो रेल्वेमुळे. ज्येष्ठांची सवलतही मार्च 2020 पासून बंद असल्याने रेल्वेत बायको, मेहुणी आणि मी एका पातळीवर येतो. शिवाय आमच्या रेल्वेला सरहद्दीचे वावडे नाहीच. तेलंगणातल्या आदिलाबादहून तेलंगणाच्या राजधानीकडे निघालेली कृष्णा एक्सप्रेस आधी किनवट, भोकर, मुदखेड करत महाराष्ट्र पाहून घेते आणि मग बासरला पुन्हा घरात शिरते. जमेल तेवढे अंतर रेल्वेने, बहिणीचे तेलंगणातले बसभाडे ताईने भरायचे आणि धबधबे दोन्ही पाहायचे, असा तह झाला. ताईने भरायचे म्हणजे कोणी, हे तहात लिहिलेले नाही.

काल संध्याकाळी मेहुणीचा पुन्हा फोन. "भाऊजी, आमचे हेपण येतो म्हणतात. कपाशीचं काम उरकलं त्यांचं." मी इतक्या जोरात "या, या" म्हणालो की बायकोने आतून डोकावून पाहिले. साडूचे वय बासष्ट आहे. दोन्ही राज्यांत फुल.