साहेबांपुरतं हिरवं

सरकारी कचेरीत शनिवारी रात्री दिवे जळताना दिसले, तर जिल्ह्यात काही आपत्ती आली असं समजू नका. सोमवारी व्हिडिओ कॉन्फरन्स आहे. डॅशबोर्ड हिरवा करायचा राहिलाय.

आणि हा डॅशबोर्ड आता हौसेचा मामला नाही. २०२५ मध्ये राज्य सरकारने दीडशे दिवसांचा ई-गव्हर्नन्स कार्यक्रम लावला. त्यात वेबसाइट, ई-ऑफिस, व्हॉट्सॲप यांच्या रांगेत डॅशबोर्डलाही गुण होते. गुण म्हटलं की क्लास आले, गाइड आलं आणि शेजारच्या जिल्ह्याचा पेपर बघणंही आलं.

बरं, एक डॅशबोर्ड पुरतो का? तहसीलदारांना गावनिहाय हवा. कलेक्टरांना तालुकानिहाय, आयुक्तांना जिल्हानिहाय. वर जावं तसे रकाने कमी होतात आणि रंग वाढतात. मंत्र्यांपर्यंत पोचेतो एक रंगीत गोल उरतो. त्याला पाय चार्ट म्हणतात. नावात पाय आहे, जमिनीला टेकत नाही एवढंच.

खासगीत काही वेगळं आहे असं नाही. आमच्या गल्लीतला एक पोरगा हिंजवडीत हेच करतो. प्रोजेक्टच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या साहेबांसाठी वेगळा 'व्ह्यू' बनवायचा: तीन दिवे, दोन आलेख, वाईट बातमी तिसऱ्या टॅबमध्ये. तिसरा टॅब कोण उघडतं? त्याच्या कंपनीत अशा रिपोर्टला 'कलिंगड' म्हणतात. वरून हिरवं, आत लाल.

आपण निदान कलिंगड थाप मारून घेतो. तिथे थापा मारणारे वेगळे आणि घेणारे वेगळे.

पण याचं श्रेय हिंजवडीला देऊ नका. साहेबाला सगळं एका आकड्यात कळावं, ही मागणी इंग्रजांच्या आणेवारीपासूनची आहे. आणे गेले, पैसे आले, आणेवारीची पैसेवारी झाली. अख्ख्या गावाचं पीक-पाणी एका आकड्यात! ५० पैशांच्या खाली आलं तर सवलती, वर राहिलं तर रामराम. सप्टेंबरअखेर 'नजर' पैसेवारी, मग सुधारित, डिसेंबरात अंतिम. मराठवाड्यातला शेतकरी आभाळाकडे बघावं तसा या आकड्याकडे बघत आलाय. आभाळ निदान कुणाला विचारून बरसत नाही.

नजर पैसेवारीतली नजर कुणाची, हे विचारायचं नसतं.

मग २०१६ मध्ये केंद्राची नवी दुष्काळ संहिता आली. आता उपग्रह बघणार, पावसाचा खंड मोजणार, मातीतला ओलावा मोजणार. माणसाची लबाडी संपली म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या. ३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. बीडच्या अकरापैकी तीनच तालुके त्यात बसले: वडवणी, धारूर, अंबाजोगाई. धारूर कोरडं आणि शेजारचं केज? ढगांनी तालुक्याची हद्द बघून ब्रेक मारला असणार.

ओरड झाली. आणि थोड्याच दिवसांत राज्यातल्या हजाराहून जास्त महसूल मंडळांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' निघाली. मधल्या काळात पाऊस बदलला का? छे. तालुक्याचा फिल्टर काढून मंडळाचा लावला. आभाळ तेच, रान तेच, व्ह्यू नवा. आणि 'सदृश' हे बटण कुठल्याही परदेशी सॉफ्टवेअरमध्ये मिळायचं नाही. ते अस्सल मंत्रालयी.

रोजगार हमीचंही बघा. २०२३ च्या जानेवारीपासून मजुरांची हजेरी ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो. दिल्लीच्या डॅशबोर्डवर बांध-बंधारे माणसांनी फुलून गेले. जुलै २०२५ मध्ये मग ग्रामविकास मंत्रालयानेच पत्र काढून देशभरातले प्रताप सांगितले: कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोचे काढलेले फोटो, सकाळी वेगळे मजूर आणि दुपारी वेगळे. उपाय? ग्रामपंचायतीने शंभर टक्के फोटो तपासावेत.

माणसं मोजायला फोटो. फोटो मोजायला माणसं.

यापेक्षा मुकादमाची वही बरी, असं कुणी म्हणेल. ऊसतोडीला निघालेल्यांचा सगळा हिशेब तिच्यात: उचल किती, फिटली किती, अंगावर किती. ना लॉगिन, ना पासवर्ड. पण त्या वहीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' लिहितात. दोन माणसं राबणार, आकडा एक, उचल बहुधा नवऱ्याच्या हातात. बाईसाठी रकानाच नाही.

वहीसुद्धा ज्याची त्याच्याच सोयीची.

आता आपल्या बीडची रेल्वे. नगर-बीड-परळी, २६१ किलोमीटर. १९९५ ची मंजुरी, तेव्हाचा अंदाज ३५३ कोटींचा. या तीस वर्षांत आढावा घेण्याची कला किती पुढे गेली म्हणून सांगू! आधी लाल फितीच्या फायली, मग पीपीटी, २०१५ पासून दिल्लीत पंतप्रधानांचं 'प्रगती' व्यासपीठ, मुंबईत मुख्यमंत्र्यांची वॉर रूम. भूसंपादनाचे टक्के वेगळे, पुलांचे वेगळे, 'भौतिक' प्रगती वेगळी, 'आर्थिक' वेगळी. ज्याला जो टक्का सोयीचा, त्याने तो भाषणात घ्यावा.

आष्टीपर्यंतच्या ६६ किलोमीटरवर प्रवासी गाडी आली २३ सप्टेंबर २०२२ ला. मंजुरीपासून सत्तावीस वर्षं. भागाकार करा: वर्षाला अडीच किलोमीटरसुद्धा नाही. खर्चाचा अंदाज मात्र ४,८०५ कोटींवर पोचला, म्हणजे तेरा पटींच्याही पुढे. या मार्गावरची सगळ्यात वेगवान गाडी म्हणजे हा आकडा.

'काम प्रगतिपथावर' हे वाक्य ऐकत बीडमध्ये एक पिढी लग्नाची झाली. त्या पथावर रूळ आहेत का, एवढं विचारायचं राहून गेलं.

१७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, गाडी अखेर बीडला पोचली. मुख्यमंत्री आले, हार पडले, लोकांनी खिडक्या धरून फोटो काढले. आनंद खराच होता, त्याला नाव ठेवणार नाही. मंचावरून सगळं हिरवं दिसलं असेल, तर त्या दिवसापुरतं तेही माफ.

मार्गाच्या नावात मात्र परळी आहे. आणि या गाडीने बीडला उतरलेल्या माणसाला परळी गाठायची, तर एसटीच धरावी लागते.