चतुःसीमा : समुद्र

(पडदा वर जातो. एक लाकडी खुर्ची, एक टेबल, त्यावर फुलस्केप कागदांची चळत. साठी उलटलेले गृहस्थ प्रवेश करतात. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्यावर मात्र रुंद काठाची गवती टोपी. ती काढावी की ठेवावी याचा निर्णय होत नाही. अखेर ‘जैसे थे’ ठेवून ते नमस्कार करतात.)

सभ्य स्त्रीपुरुषहो, उभी हयात महसूल खात्यात घालवून कराडच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेल्या या माणसाने जमीन ही वस्तू आजवर मुख्यत्वे कागदावरच पाहिली. आणि कागदावर जमीन इतकी शिस्तीने वागते की प्रत्यक्ष शिवारात जाऊन तिची गाठ घ्यावी अशी इच्छा मला कधी झाली नाही. आमच्या कुटुंबाचे मत याच्या अगदी विरुद्ध. तिचा परदेशगमनाचा तोंडी अर्ज लग्नापासून माझ्याकडे प्रलंबित होता, आणि ‘यथावकाश विचार व्हावा’ असा शेरा मारून मी तो दर साली पुढे ढकलीत आलो होतो. परंतु चिरंजिवांनी पुण्याहून परस्पर वरिष्ठांकडे, म्हणजे आपल्या मातोश्रींकडे, मॉरिशसची तिकिटे पाठवली आणि प्रकरण माझ्या दप्तरातून काढून घेण्यात आले.

(खुर्चीवर बसतात.)

आता हुकूम झाल्यावर फिरतीवर जाणे भाग. पण जाण्यापूर्वी कागद पाहिले पाहिजेत. मी नकाशा काढला आणि, खोटे सांगत नाही, हरखून गेलो. ज्याने चाळीस वर्षे बांधावरून फुटलेली डोकी आणि हातभर जमिनीसाठी तीन पिढ्या चाललेले दावे पाहिले, त्याच्या पुढ्यात अशी मिळकत यावी की जिच्या चतुःसीमा लिहिताना पूर्वेस समुद्र, पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस समुद्र, उत्तरेस समुद्र! लगतचा खातेदारच नाही. मोजणीची नोटीस बजावायची कोणाला? क्षेत्रफळ म्हणाल तर मुख्य बेटाचे सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर. आमच्या एका सातारा जिल्ह्यात अशी पाच बेटे बसवून वर एका तालुक्यापुरती जागा शिल्लक राहील.

फेरफाराच्या नोंदीही पाहून घेतल्या. इ. स. १५९८ मध्ये डच आले, त्यांनी आपल्या मॉरिस राजपुत्राचे नाव लावले. पुढे १७१० मध्ये जमीन पडीक टाकून निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी कब्जा घेऊन नाव बदलले, १८१० मध्ये इंग्रजांनी फ्रेंचांना हुसकून जुने नाव पुन्हा चढवले, आणि १२ मार्च १९६८ रोजी मिळकत तेथील रहिवाशांच्या नावे झाली. या सर्वांच्या आधीचा मूळ वहिवाटदार म्हणजे डोडो पक्षी. त्याला उडता येत नसे, माणसाचे भय ठाऊक नसे आणि त्याच्यापाशी लेखी पुरावाही नव्हता. सतराव्या शतकातच तो बेदखल झाला. आज तो राष्ट्राच्या राजचिन्हावर ऊस धरून उभा आहे. बेदखल झालेल्याला मागाहून मानाची जागा देण्याची रीत सगळीकडची सारखीच.

(उठून, पत्नीच्या आवाजात) “अहो, कागद पुरे. स्वेटर घेऊ की नको?”

विमानतळावर आम्हांस न्यायला आलेला मोटारचालक सावळा, हसतमुख, तिशीतला. त्याने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिले, हात जोडले आणि म्हणाला, “आपले स्वागत असो. कृपया गाडीत बसावे.” मी चपापलो. असे मराठी मी सेवाकाळातल्या परिपत्रकांबाहेर कुठे ऐकले नव्हते! उलगडा असा की त्याचे पूर्वज मुंबई बंदरातून आलेले, घरात सारे बोलणे क्रिओल भाषेत, आणि मराठी तो शाळेत पुस्तकातून शिकलेला. आमच्या चिरंजिवांच्या मराठीत दर तिसरा शब्द इंग्रजी. हा गृहस्थ मात्र वळणावर गाडी वळवतानासुद्धा “अनुमती असावी” म्हणे.

आमच्या हिने पाच मिनिटांत चौकशी सुरू केली. (पत्नीच्या आवाजात) “गाव कोणतं हो तुमचं?” तो म्हणाला, “वाक्वा.” “ते नव्हे, मूळ गाव.” तो म्हणाला, “वडील रत्नागिरी सांगत.” झाले! रत्नागिरी म्हणजे राजापूर, राजापूर म्हणजे हिच्या धाकट्या मामांची सासुरवाडी; तेव्हापासून त्या बिचाऱ्याला ती ‘भाऊजी’ म्हणू लागली आणि डब्यातले लाडू, जे मला पथ्याच्या सबबीवर नाकारण्यात आले होते, ते वाटेवरच त्याच्या स्वाधीन झाले.

वाटेत दुतर्फा ऊस. डोंगरापर्यंत ऊस, समुद्रापर्यंत ऊस. मी म्हटले, “अगं, आपण कराडहून निघालो ते इतक्या खर्चाने ऊस बघायला?” ती म्हणाली, “आपल्याकडच्या उसाला समुद्र कुठाय?” या युक्तिवादास उत्तर नव्हते. परंतु त्या उसाच्या फडात जागोजागी काळ्या धोंड्यांचे घरभर उंचीचे ढीग रचलेले दिसले आणि मी गाडी थांबवली. ज्वालामुखीचे बेट, जमीन धोंड्यांनी भरलेली. ती लागवडीस आणताना मजुरांनी हातांनी वेचून काढलेले हे दगड, असे भाऊजींनी सांगितले. मी बराच वेळ त्या ढिगाकडे पाहत उभा राहिलो. ही म्हणाली, “तिथंच उभे राहा, फोटो काढते, मागं समुद्र छान येतोय.”

(टोपी नीट करून फोटोसाठी उभे राहतात; मग एकदम गंभीर होतात.)

आता शामारेल. या ठिकाणी सात रंगांची माती आहे, अशी ख्याती. तिकीट काढून, कठड्यापाशी जाऊन पाहतो तो समोर तांबड्या, तपकिरी, जांभळ्या, निळसर उंचवट्यांची लाटांसारखी पसरलेली उघडी जमीन. क्षेत्र सुमारे साडेसात हजार चौरस मीटर, म्हणजे एक एकर चौतीस गुंठे. गवताची काडी नाही. आत पाऊल ठेवण्यास मनाई. लोक मंत्रमुग्ध होऊन उभे. एक इटालियन जोडपे तर डोळे पुसत होते.

मी भाऊजींना विचारले, “पीक कोणते घेता?” ते म्हणाले, “महोदय, येथे काहीच उगवत नाही.” “कधीच?” “कधीच नाही.” तेव्हा, मंडळी, माझ्या ध्यानात आले की ज्या वस्तूला आमच्या खात्यात ‘पोटखराबा’ म्हणतात, जिच्यावर आकार बसत नाही, जी उताऱ्यावर दाखवताना खातेदार ओशाळतो, तीच वस्तू हे लोक कठडा घालून, तिकीट लावून जगाला दाखवीत आहेत! आमच्या माण-खटावात अशी जमीन मैलोगणती पडली आहे. एकालाही कठड्याची बुद्धी झाली नाही.

कारण मात्र शास्त्रशुद्ध आहे. अग्निजन्य काळा पाषाण पावसापाण्याने शतकानुशतके कुजत गेला, विरघळणारे द्रव्य वाहून गेले, मागे लोह आणि अ‍ॅल्युमिनियम राहिले. लोहाने तांबडा रंग दिला, अ‍ॅल्युमिनियमने निळसर-जांभळा. म्हणजे आपल्या पाचगणी-महाबळेश्वरचा जांभा ज्या रीतीने झाला, तीच ही रीत. ही माती जांभ्याची सख्खी चुलतबहीण, फक्त श्रीमंत घरी पडलेली. हे मी हिला सविस्तर समजावून सांगत असता ती बोटांनी रंग मोजत होती. (पत्नीच्या आवाजात, बोटे मोजत) “तांबडा, विटकरी, जांभळा... अहो, पाचच भरतात.” मी म्हणालो, “सात आहेत असे लिहिले आहे.” ती म्हणाली, “लिहिलंय ते मोजून लिहिलंय का?” सरकारी नोकरीत मला इतका अवघड प्रश्न कोणी विचारला नव्हता. शिवाय माझी शंका निराळीच होती: सात आहेत हे मान्य, पण बारा कोठे आहेत?

(हशा विरेपर्यंत कोटाची बटणे लावतात.)

पुढील स्थळे मी त्वरेने उरकतो, कारण आम्हीही ती त्वरेनेच उरकली. ‘हरणांचे बेट’ या नावाच्या बेटावर होडीने गेलो. तेथे पांढरी वाळू, निळे पाणी, उपाहारगृहे, सर्व काही आहे, हरीण तेवढे नाही. नोंद आहे, वहिवाट नाही. पाम्प्लेमूसच्या वनस्पती-उद्यानात परातीएवढ्या पानांची कमळे पाहिली. तेथेच एक तालिपोट ताड आहे, जो कित्येक दशके नुसता वाढतो, आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो. ही माझ्याकडे वळून म्हणाली, “म्हणूनच म्हणते, वेळेवर फुलावं.” पोर्ट लुईच्या संग्रहालयात १८४७ सालची दोन टपाल तिकिटे आहेत, एक तांबडे, एक निळे, जगातील अतिदुर्मिळ म्हणून गणलेली. उजेडाने रंग उडतो, म्हणून अस्सल तिकिटांवर दिवा मोजकी मिनिटेच लावतात, एरवी नकला पाहायच्या. आम्ही अंधारात बाकावर दिव्याची वाट पाहत बसलो. दिवा लागला तेव्हा हिला डुलकी लागली होती. मी जागे केले. तिने पाहिले. (पत्नीच्या आवाजात, जांभई देत) “पत्र कुठाय?”

दुपारी भाऊजींनी रस्त्यावरच्या गाडीवरून धोल पुरी आणली. हळदीच्या रंगाची, पातळ, पोटात वाटाण्याच्या डाळीचे सारण, एकावर एक दोन, वर उसळ आणि चटणी, कागदात गुंडाळलेली. हिने पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि निर्णय दिला: “पुरणपोळीच आहे. गूळ घालायला विसरलेत.” नंतर तिने तीन खाल्ल्या.

(आवाज किंचित खाली येतो, टेबलाशी येऊन कागदांवर हात ठेवतात.)

याच पोर्ट लुई शहरात बंदरावर आप्रवासी घाट आहे. काही दगडी खोल्या, आणि सोळा पायऱ्या. २ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून ‘अ‍ॅटलस’ नावाच्या जहाजाने छत्तीस मजूर येथे आले, आणि पुढे विसाव्या शतकापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे करारावर सही-अंगठा करून आली. सन २००६ मध्ये युनेस्कोने हे स्थळ जागतिक वारशात घेतले. ही पायऱ्यांपाशी चप्पल काढून उभी राहिली. तिला कोणी सांगितले नव्हते.

माझे लक्ष नोंदवह्यांच्या प्रतींकडे. नाव, बापाचे नाव, वय, उंची, गाव, अंगावरची खूण. ओळीला ओळ लागलेली, आणि प्रत्येकास एक क्रमांक. हस्ताक्षर सुरेख, खाडाखोड नाही. मी पाहताक्षणी ओळखले: हा आपलाच व्यवसायबंधू. उन्हात उभ्या असलेल्या रांगेकडे मान वर करून न पाहता त्याने रकाने भरले. कोकणातल्या माणसाने सांगितलेले नाव त्याच्या कानाला जसे लागले तसे उतरले. पुढे तेच नातवंडांचे आडनाव झाले. आमच्या भाऊजींचे आडनाव पाहाल तर ते कोणा एका पणजोबाचे नुसते पाळण्यातले नाव आहे. मी म्हणालो, “भाऊजी, नावदुरुस्तीचा अर्ज करता येतो.” ते हसले आणि म्हणाले, “महोदय, दुरुस्त कोणते?”

(क्षणभर थांबतात. मग घाईने) असो. समुद्राखाली चला.

ग्रां बे येथे पर्यटकांना समुद्राच्या तळावर चालवतात. बेटाभोवती प्रवाळाचा बांध असल्यामुळे आतले पाणी शांत; काचेचे मोठे शिरस्त्राण खांद्यावर ठेवतात, वरून होडीतून नळीने हवा सोडतात, आणि माणूस शिडीने खाली उतरून माशांना पाव चारतो. हे सर्व ठीक. पण त्याआधी एक हमीपत्र भरून द्यावे लागते. हिने ते हातात घेतले, ‘सौ.’ लिहून सही ठोकली आणि शिडीकडे गेली. मी खुर्ची मागवली.

(कागद हातात घेऊन वाचू लागतात.) कलम पहिले: हृदयविकार नाही. ठीक. कलम दुसरे: दमा नाही. ठीक. कलम तिसरे: मी गरोदर नाही. (चष्मा पुसून पुन्हा वाचतात.) येथे मी ‘लागू नाही’ असे लिहून खाडाखोडीवर लघुस्वाक्षरी केली. कलम चौथ्यात ‘सर्व परिणामांस मीच जबाबदार’ असा मोघम मजकूर. परिणामांची यादी सोबत जोडलेली नाही. मी होडीवाल्यास विचारले, परिशिष्ट कोठे आहे? साक्षीदारांचे रकाने का नाहीत? प्रत मला मिळेल काय? तो क्रिओलमध्ये काही म्हणाला. भाऊजींनी भाषांतर केले, “महोदय, ते आपणांस आदरपूर्वक विनंती करतात की लवकर करावे.” होडीवाल्याची मुद्रा पाहता मूळ वाक्य इतके आदरपूर्वक नसावे.

मी कलम सातव्यावर होतो तेव्हा ही वर आली. ओलीचिंब, गालांवर शिरस्त्राणाचे वळ, हातात भिजलेल्या पावाचा चुरा. (पत्नीच्या आवाजात, धापा टाकत) “अहो! बोटांमधून मासे जातात! पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे, जरीच्या काठासारखे! तुमचं वाचून झालं?” मी म्हणालो, “सातवे कलम संदिग्ध आहे.” होडीवाला नळ्या गुंडाळू लागला.

तेव्हा तिने माझ्या हातून लेखणी घेतली आणि उभ्या उभ्या माझी सही केली. माझी! शेवटच्या अक्षराची शेपटी, खालच्या दोन टिंबांसकट. मी थिजलो. “हे तू कधी शिकलीस?” ती म्हणाली, “मुलाचं प्रगतिपुस्तक, रेशनचं कार्ड, गॅसचा अर्ज; तुम्ही वाचत बसायचात, ऑफिसं बंद व्हायची. कोणी तरी करायला नको?”

होडीवाल्यास संशय आला. त्याने आमच्या हॉटेलच्या नोंदणी-कागदावरची माझी सही मागवली, दोन्ही शेजारी धरल्या, बारकाईने पाहिल्या आणि मान डोलावली. तंतोतंत जुळल्या. त्या कागदावरही मी अजून चौथेच कलम वाचीत असताना कोणी तरी सही करून मोकळे झाले होते, हे मला तेव्हा कळले.

मी हरकत घेतली नाही. सह्या जुळत असता हरकत घेण्याची तरतूद कोणत्याही नियमात नाही. (टोपी काढून टेबलावर ठेवतात, खांदे ताठ करतात.) उतरवा म्हटले, शिरस्त्राण.

(अंधार.)