सुशीतज्ज्ञ भाचा

सडक अर्जुनीकडच्या प्रत्येक नात्यागोत्यात एक भाचा पुण्यात असतो. हिंजवडीला नोकरी, वाकडला फ्लॅट आणि कधीतरी कंपनीने पंधरा दिवसांसाठी टोकियोला धाडलेलं. तेवढ्या भांडवलावर तो जन्मभराचा जपानी होऊन परततो. घरात शिरताना चपला आधीही दारातच काढायचा. आता जपानी रीत म्हणून काढतो.

मामा-मामी महाराष्ट्र एक्सप्रेसने गोंदियाहून पुण्यात उतरले की शनिवारी संध्याकाळी त्यांना जपानी हॉटेलात नेणं हा त्याचा कुळाचार. ‘थाळी भेटते का रे तिथं?’ मामी रिक्षातच विचारतात. भाचा मंद हसतो. हे हसणं त्याने तिकडेच उचललं असावं, कारण गावी असताना तो मांडीवर थाप मारून हसायचा.

हॉटेल तसं साधंच. कागदी कंदील, लाकडी बाकं, भिंतीवर लाटेचं चित्र. वाढणारा मुलगा मणिपूरचा. भाचा कमरेत वाकून त्याला जपानीत काहीतरी म्हणतो. मुलगा शांतपणे सांगतो, ‘सर, हिंदी चलेगा.’

मग सुशी येते आणि व्याख्यान सुरू होतं. विषय तांदूळ. समोर बसलेल्या माणसाने चाळीस वर्षं धानाची परे टाकली, चिखलात रोवणी केली, मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाण्यासाठी भांडणं केली. त्याला भाचा सांगतो की तांदूळ चिकट असावा लागतो, धुताना पाणी नितळ होईपर्यंत धुवावा लागतो, आणि व्हिनेगर घातला की भाताला वारा घालावा लागतो. ‘कोणाले?’ मामाजी विचारतात. ‘भाताला.’ मामाजी पंख्याकडे बघतात आणि गप्प राहतात.

इतिहास सांगताना मात्र भाचा फसतो. मुळात सुशी म्हणजे मासे टिकवायची युक्ती. मीठ लावलेले मासे भातात दाबून महिनोन्‌महिने आंबवायचे, मग मासा खायचा आणि भात टाकून द्यायचा. बिवा सरोवराच्या काठी असे मासे अजूनही आंबवतात.

‘भात फेकून देत होते? काऊन?’ मामाजींचा आवाज आता शेजारच्या टेबलापर्यंत जातो. तलावकाठच्या माणसाला मासा आंबवणं समजू शकतं. भात टाकणं नाही. त्या भाताची बाजू घेऊन ते पुढची पाच मिनिटं बोलतात, आणि माझ्या मते त्या संध्याकाळचं सगळ्यात कसदार बोलणं तेच.

तेवढ्यात हात मोकळे करायला त्यांनी दोन्ही काड्या भाताच्या वाडग्यात उभ्या खोचलेल्या असतात. भाचा पांढरा पडतो. ‘मामाजी, काढा! तिकडे मेलेल्या माणसापुढे असा भात ठेवतात!’ मामाजी काड्या काढतात, पण आता त्यांना जपान प्रथमच जवळचा वाटू लागतो. ‘म्हणजे पिंडच. अन्‌ कावळा शिवते का तिकडं?’

याचं उत्तर पंधरा दिवसांच्या टोकियोत मिळालेलं नसतं.

हिरव्या वासाबीचा गोळा मामी चटणी समजून अख्खा तोंडात टाकतात. डोळ्यांतून धारा लागतात. भाचा समजावतो की खरा वासाबी फार महाग, हॉटेलांत बहुधा मोहरी-मुळ्याच्या कुळातल्या दुसऱ्याच मुळाची पूड हिरवा रंग घालून देतात, खुद्द जपानातही. ‘म्हणजे नकली बी हाय अन्‌ तिखट बी,’ मामी पदराने नाक पुसत म्हणतात. जपानबद्दल त्या अगदीच कोऱ्या नाहीत. कामठीचं ड्रॅगन पॅलेस त्यांनी पाहिलंय, ते जपानी मदतीने उभं राहिलं हेही त्यांना ठाऊक आहे. तिथं कोणी त्यांना रडवलं नव्हतं.

एवढं सगळं सांगणारा भाचा स्वतः काय खातो, हे नीट पाहावं. कच्च्या सामनवर तो पाऊण तास बोलतो, मागवतो मात्र टेम्पुरा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात जपान्यांना हे तळण शिकवलं, अशी पुस्तीही जोडतो. मामाजी एक तुकडा चावून निकाल देतात, ‘भजे हाय.’ रामेन आल्यावर मामाजी शेवया सुर्रर्र करून ओढतात. भाचा इकडेतिकडे बघतो, घसा खाकरतो, ओशाळतो. जपानात शेवया अशाच आवाज करत ओढतात, हे गेल्या दिवाळीत त्यानेच सगळ्यांना ऐकवलं होतं.

बिलाच्या आधी मामाजी मेन्यूकार्ड मागतात, चष्मा लावतात आणि कागदी रुमालावर पेनने हिशेब मांडतात. सुशीच्या आठ तुकड्यांचे 600 रुपये. त्यात कच्चा तांदूळ धरा 70 ग्रॅम. एक क्विंटल धान भरडलं की 67 किलो तांदूळ. म्हणजे साडेनऊशे प्लेटा. म्हणजे 5 लाख 70 हजार रुपये. त्याखाली ते 2025-26 चा साधारण धानाचा हमीभाव लिहितात, 2,369, आणि रुमाल भाच्याकडे सरकवतात.

‘मामाजी, यात मासा असतो, कारागिरी असते, जागेचं भाडं असतं,’ भाचा म्हणतो.

‘असते ना बाबू. आमच्या धानात काहीच नसते.’

यावर भाचा बिल भरतो. तेवढा तो चांगला आहे, हे मोकळेपणाने कबूल केलं पाहिजे. घरी पोचल्यावर दहाच्या सुमारास तो हळूच कुकर लावतो. डब्यातला तांदूळ मामाजींच्याच बांधीतला, त्यांच्यासोबत महाराष्ट्र एक्सप्रेसच्या बाकाखालून आलेला. वरण, भात, मिरचीचा ठेचा. तिघंही दोनदा वाढून घेतात, आणि भाचा हाताने, आवाज करत, एकही जपानी शब्द न उच्चारता जेवतो.

तेव्हा सडक अर्जुनीहून पुण्याला निघणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या. भाचा नेईल तिथे मुकाट जावं, तो मनाने वाईट नसतो. आणि तांदूळ नेताना पाच किलो जास्तच न्यावा.