तीन मध्यस्थ, एकच स्थळ

(ऐरोलीतल्या एका डेटा सेंटरचं ऑफिस. खरेदीसाहेबांच्या टेबलावर नेटवर्कची फाईल. साहेबांची सव्वापाचची बस आहे, हे समोर बसलेल्या नेटवर्कवालीलाही ठाऊक आहे.)

खरेदीसाहेब : मॅडम, तुमचा साधा भागाकार चुकलाय. सर्व्हर ६४, प्रत्येकात जीपीयू ८. म्हणजे ५१२. दर जीपीयूला स्वतःचं ४०० गिगाबिटचं पोर्ट. चैनच आहे, पण असो. एका स्विचला पोर्ट ६४. भागा. येतात ८. तुम्ही मागितलेत २४!

नेटवर्कवाली : ८ घेतले तर सगळी पोर्टं सर्व्हरमध्येच संपली. मग स्विच एकमेकांशी बोलणार कसे?

खरेदीसाहेब : बोलायलाच हवं का?

नेटवर्कवाली : अहो, त्याचाच तर खर्च! खालच्या ओळीत १६ स्विच. प्रत्येकाची ३२ पोर्टं सर्व्हरकडे, ३२ वर. वरच्या ओळीत ८.

खरेदीसाहेब : वर ३२ कशाला? ८ ठेवा. हजार माणसांचं लग्न असलं तरी पंगत दोनशेचीच मांडतात. सगळे एकदम जेवायला येत नाहीत.

नेटवर्कवाली : इथे येतात, तेच दुखणं आहे. ऑफिसच्या नेटवर्कवर कोणी मेल पाठवतो, कोणी चहाला गेलेला असतो. एआयचं मॉडेल शिकवताना ५१२ जीपीयू आपापला हिशेब करतात आणि एकाच वेळी एकमेकांना उत्तरं द्यायला उठतात. सगळ्यांची बेरीज सगळ्यांकडे पोचेपर्यंत पुढचं पाऊल नाही. शेवटच्या पानावरचा पाहुणा अजून ताकभात कालवतोय, म्हणून ५११ जण उष्टे हात वाळवत बसतात.

खरेदीसाहेब : आणि तोवर वीज?

नेटवर्कवाली : बिल चालूच.

(साहेबांनी २४ वर बरोबरची खूण केली. पंगतीने जे झालं नव्हतं ते बिलाने झालं.)

खरेदीसाहेब : आता मुख्य मुद्दा : नेटवर्क कोणत्या जातीचं घ्यायचं. इन्फिनिबँडची तीन कोटेशन आलीत. तिन्हींत फरक किरकोळ. म्हणजे भाव रास्त.

नेटवर्कवाली : दुकानदार तीन, माल एकाच कंपनीचा. इन्फिनिबँडवाली मेलानॉक्स एनव्हिडियाने २०२० मध्ये विकत घेतली. जीपीयू त्यांचे, स्विच त्यांचे, केबलही त्यांचीच. तीन मध्यस्थांनी एकच स्थळ आणलंय.

खरेदीसाहेब : मग घासाघीस कोणाशी करायची?

नेटवर्कवाली : नशिबाशी.

खरेदीसाहेब : नको. इथरनेट घ्या. जुनंजाणतं आहे, दहा जण विकतात.

नेटवर्कवाली : १९७३ चं आहे. पण स्वभावाने बेफिकीर. गर्दी झाली की पॅकेट टाकून देतं. ज्याला हवंय तो पुन्हा पाठवेल. मेलला ते खपतं. इन्फिनिबँडमध्ये पुढचा स्विच ‘जागा आहे’ म्हणाल्याशिवाय मागचा काही सोडतच नाही.

खरेदीसाहेब : तेवढं इथरनेटला शिकवा की.

नेटवर्कवाली : शिकवलंय. मागच्याला ‘थांब’ म्हणायला शिकवलंय. पण महाप्याला ट्रक बंद पडला की रांग रबाळ्यापर्यंत येते, आणि ज्याला अलीकडे घणसोलीलाच वळायचंय तोही तिच्यात अडकतो. शिवाय वर ३२ रस्ते असले तरी कोणी कुठून जायचं ते पॅकेटवरच्या पत्त्यावरून ठरतं. दोन अवजड ट्रक एकाच गल्लीत घुसतात, शेजारची गल्ली मोकळी.

खरेदीसाहेब : म्हणजे इथरनेटही नको.

नेटवर्कवाली : असं कुठे म्हटलं मी?

(साहेब घड्याळाकडे बघतात.)

नेटवर्कवाली : मेटाने २४,५७६ जीपीयूंचे दोन संच उभारले, २०२४ मध्ये जाहीर केले. एकात इन्फिनिबँड, दुसऱ्यात इथरनेट.

खरेदीसाहेब : दोन्ही घेतलं? ऑडिटवाले काही बोलले नाहीत?

नेटवर्कवाली : दोन्ही चाललं. त्यांच्या लामा ३ चं सगळ्यात मोठं मॉडेल तर इथरनेटवर शिकलं. अर्थात ते ‘थांब’ आणि ‘सोड’ जुळवायला त्यांच्याकडे माणसांची फौज. मेम्फिसला एक्सएआयच्या १ लाख जीपीयूंमध्येही इथरनेटच आहे. विकलं कोणी? एनव्हिडियाने.

खरेदीसाहेब : वरपक्षातही तेच, वधूपक्षातही तेच!

नेटवर्कवाली : म्हणून बाकीच्यांनी २०२३ मध्ये अल्ट्रा इथरनेटची मोट बांधली. पहिली नियमावली २०२५ मध्ये आली.

खरेदीसाहेब : त्यावरचा माल आपल्या दारात येईतो मी निवृत्त. एक नाव सांगा.

नेटवर्कवाली : इथरनेट. रात्री दोनला पाळीवर जी चार पोरं असतात त्यांना ते येतं. इन्फिनिबँड एकालाच येतं आणि त्याचं मे महिन्यात लग्न आहे.

खरेदीसाहेब : हे कारण फाईलवर कसं लिहू?

नेटवर्कवाली : ‘मनुष्यबळ’ लिहा. आणि एक अट घाला. विक्रेत्याचे वेगाचे तक्ते नकोत. आपलं काम ५१२ जीपीयूंवर चालवून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही.

खरेदीसाहेब : (प्रथमच प्रेमाने) हे आधी का नाही सांगितलंत? बरं, हा शेवटचा कागद. १० पेनं. एकेकाची किंमत चार आकडी! तीनदा परत पाठवलाय मी.

नेटवर्कवाली : लिहायची नाहीत ती. (पर्समधून पेन काढते. सोबत आणलेल्या केबलचं टोपण उघडून टोक तपासणीच्या छोट्या पडद्याला लावते.) हे फायबरचं टोक. हे गोल गोल ठिपके काचेच्या तंतूंचे. आणि हा धुळीचा कण.

खरेदीसाहेब : केवढा! लाडवाएवढा दिसतोय!

नेटवर्कवाली : नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. पण उजेडाच्या वाटेत बसला की लिंक अडखळते, आणि पंगत खोळंबते. (पेन टोकाला लावून दाबते. टक्.) गेला. ते लामा शिकताना ५४ दिवसांत ४१९ वेळा काम अचानक बंद पडलं. त्यातल्या ३५ वेळा स्विच नाहीतर केबलपायी. आपल्याला केबली लागणार १,०२४.

खरेदीसाहेब : टोकं २,०४८. (पेन मागून घेतात. टक्. पुन्हा टक्.) मंजूर. पण टाकू कोणत्या खात्यात?

नेटवर्कवाली : स्टेशनरीत टाका.

खरेदीसाहेब : स्टेशनरीचा कोटा मार्चपर्यंत संपलाय.

(स्विच आणि केबलींची फाईल त्याच संध्याकाळी पुढे गेली. पेनं एप्रिलमध्ये आली.)